समुद्राचे विरजण: घरगुती जिवंत खाद्याच्या संवर्धनाची प्रस्तावना

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात वाढलेल्या माशाच्या आहाराचा प्रश्न बाजारात मिळणाऱ्या गोळ्या, चुरा आणि गोठवलेली कोळंबी यांनी बहुतांशी सुटतो. पण त्याच माशाने दगडाला चिकटवलेल्या अंड्यांतून बाहेर पडलेल्या, तीन-चार मिलिमीटर लांबीच्या पिल्लांपुढे हे सारे खाद्य निरुपयोगी ठरते. विदूषक मासा, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला आणि समुद्रफुलाच्या शुंडकांत राहणारा क्लाउनफिश, आज घरोघरच्या टाक्यांत अंडी घालतो. सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सिअस तापमानाला ती अंडी साधारण सहा ते दहा दिवसांनी, अंधार पडल्यावर फुटतात, आणि ज्या घरात त्या रात्रीची तयारी नसते तेथे दोन-तीन दिवसांत शेकडो पिल्ले उपाशी मरतात. पाणी स्वच्छ असते, तापमान योग्य असते, आईबाप सुदृढ असतात. उणीव असते ती पिल्लाच्या तोंडात मावेल, त्याच्या डोळ्यांसमोर हालेल आणि त्याच्या अर्धविकसित आतड्यात पचेल अशा खाद्याची. हे खाद्य समुद्रात सर्वत्र तरंगत असते, मात्र दुकानात ते सहसा मिळत नाही, आणि मिळालेच तर फार दिवस टिकत नाही. ते घरीच वाढवावे लागते, आणि ते वाढवण्याची विद्या हाच या पुस्तकाचा विषय आहे.

गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीशी परिचय असलेल्या वाचकाला ही कल्पना अगदीच अनोळखी वाटणार नाही. रोहू-कटल्याचे जिरे, म्हणजे नुकतीच फुटलेली, जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्ले, संगोपन तळ्यात सोडण्यापूर्वी शेतकरी त्या तळ्यात शेणखत टाकतो, पाणी हिरवट होऊ देतो, आणि त्या हिरव्या पाण्यावर वाढलेले सूक्ष्म जीव हेच जिऱ्यांचे पहिले अन्न असते. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा ही त्याला दिलेली जोड असते. म्हणजे तळ्याला खत घालणारा शेतकरी प्रत्यक्षात प्लवकांची शेती करत असतो. प्लवक म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ नसलेले, पाण्याबरोबर वाहणारे जीव. त्यांतील सूर्यप्रकाशावर जगणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांना खाणारे ते प्राणिप्लवक. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय राखणाऱ्याला हेच काम करायचे असते, पण तळ्याऐवजी बाटल्यांत, आणि निसर्गाच्या भरवशावर न सोडता प्रत्येक पायरी वेगळी ठेवून. काही लिटर पाण्याला तळ्याचा विस्तार आणि त्यातून येणारी सहनशक्ती नसते, म्हणून तळे ज्या चुका पोटात घालते त्या बाटलीत एका रात्रीत उघड्या पडतात.

जिवंत खाद्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, ते एक प्रकारचे सामान आहे, लागेल तेव्हा आणावे आणि वापरून संपवावे. त्याचे खरे स्वरूप विरजणासारखे आहे. ज्या घरात रोज दही लागते तेथे कालच्या दह्यातील चमचाभर बाजूला काढून ठेवलेले असते, आणि सगळे दही वाढून टाकले तर उद्याचे दही लागणार नाही हे तेथे कोणाला सांगावे लागत नाही. सूक्ष्मशैवलाची बाटली, ते खाणाऱ्या रोटिफर या प्राणिप्लवकांची बादली आणि कोपेपॉड या दुसऱ्या प्राणिप्लवकांची बरणी या तिन्हींना हाच नियम लागू आहे: रोज काही काढायचे, रोज काही मागे ठेवायचे, आणि मागे ठेवलेल्यातील थोडे दुसऱ्या भांड्यात हलवायचे. संवर्धन हा शब्द या पुस्तकात याच अर्थाने वापरला आहे. एखादा जीव एकदाच वाढवणे त्यात अभिप्रेत नसून, त्याची परंपरा खंड न पडू देता चालू ठेवणे अभिप्रेत आहे.

या परंपरेच्या तळाशी सूक्ष्मशैवल असते. नॅनोक्लोरॉप्सिस या नावाचे गोलसर हिरवे शैवल घरगुती संवर्धनात सर्वाधिक वापरले जाते. त्याची पेशी दोन ते चार मायक्रॉनांची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला तर या पेशींची कल्पना यावी. आयसोक्रायसिस हे सोनेरी-तपकिरी शैवल किंचित मोठे आणि चाबकासारख्या शेपट्यांनी पोहणारे आहे. टेट्रासेल्मिस त्याहून मोठे, दहा मायक्रॉनांच्या पुढचे, आणि गडद हिरवे असते. यांतले कोणतेही पाळण्यासाठी लागणारी साधने फारच साधी आहेत: शीतपेयाची स्वच्छ धुतलेली बाटली, निर्जंतुक केलेले खारे पाणी, हवेच्या छोट्या पंपाला जोडलेली एक नळी, नळीच्या तोंडून येणारे ठळक बुडबुडे आणि दिवसाचे सोळा तास पेटणारा एखादा पांढरा दिवा. बुडबुड्यांमुळे पेशी तळाशी बसत नाहीत आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळत राहतो. खताचे सूत्र मात्र शास्त्रज्ञांकडून आलेले आहे. अमेरिकेतील रॉबर्ट गिलार्ड आणि जॉन रायथर यांनी १९६२ मध्ये ‘एफ’ नावाचे पोषकद्रावण प्रसिद्ध केले, त्याची तीव्रता निम्मी केल्यावरही शैवल उत्तम वाढते असे दिसून आले, आणि ‘एफ/२’ हे निम्मे द्रावण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत व मत्स्यबीज केंद्रांत वापरले जाते. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट ही मुख्य खते, लोह, जस्त, मँगनीज यांसारख्या धातूंचे अंश, आणि बी-१२, थायामिन व बायोटिन ही तीन जीवनसत्त्वे असतात; डायटम नावाच्या, काचेसारखे कवच बांधणाऱ्या शैवलांसाठी त्यात सिलिकेटही घालावे लागते.

बाटलीतील पाण्याचा रंग हेच शैवलपालकाचे मुख्य मोजमाप असते. बीज घातल्यावर दोन-तीन दिवस काहीच घडत नाही असे वाटते. मग पेशी दुप्पट-चौपट होऊ लागतात, पाणी पोपटी होते, आठवड्या-दहा दिवसांत ते इतके दाट होते की बाटलीमागे धरलेले बोट दिसत नाही, आणि तेथून पुढे खत संपल्याने व पेशींनी एकमेकींवर सावली धरल्याने वाढ थांबते. हाच काढणीचा क्षण होय. तो चुकला की पाणी पिवळट पडते, तळाशी गाळ साचतो, वास बदलतो आणि हौशी मंडळींच्या भाषेत कल्चर क्रॅश होते. नवख्या माणसाला दाट हिरवी बाटली पाहून ती आणखी दाट होऊ द्यावीशी वाटते, हा मोह स्वाभाविक आहे. पण दही आंबून पांढरे पाणी सुटल्यावर त्याचे विरजण लावणे जितके चुकीचे, तितकेच थकलेल्या शैवलाचे बीज धरणे चुकीचे. बीज वाढीच्या भरात असताना घ्यावे.

शैवलाचा वैरी बाहेरून क्वचितच येतो. बहुधा तो शेजारच्या बादलीतून येतो. ज्या रोटिफरांसाठी शैवल वाढवायचे त्यांतील एकच रोटिफर ओल्या नळीतून शैवलाच्या बाटलीत गेला, तर आठवड्याभरात ती बाटली स्वच्छ, पारदर्शक आणि रोटिफरांनी भरलेली दिसते. म्हणून कामाचा क्रम ठरलेला असावा: आधी शैवल, मग रोटिफर, आणि उलट दिशेने हात, नळी किंवा गाळणी कधीही न्यायची नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये हा दंडक ज्या स्वयंपाकघरात पाळला जातो, तेथील माणसाला याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. या एका शिस्तीने जितकी संवर्धने वाचतात तितकी महागड्या दिव्यांनी वाचत नाहीत.

रोटिफर हा या साऱ्या साखळीचा मध्यबिंदू आहे आणि त्याचा इतिहासही विशेष आहे. त्याच्या डोक्यावर केसांसारख्या बारीक पक्ष्मांचे वलय असते. ते पक्ष्म एका लयीत हालतात तेव्हा चाक फिरत असल्याचा भास होतो, आणि त्यावरूनच त्याला चाक धारण करणारा या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. हे वलय पाण्याचा भोवरा निर्माण करून शैवलाच्या पेशी तोंडाकडे ओढते. खाऱ्या आणि मचूळ पाण्यात राहणारी ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस ही जात जपानमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास ईल माशांच्या तळ्यांतील उपद्रव म्हणून परिचित होती, कारण तिची संख्या एकाएकी वाढली की तळ्यातील हिरवे पाणी नाहीसे होऊन माशांचे जीवन धोक्यात येई. १९६० च्या सुमारास ताकाशी इतो यांनी हाच उपद्रवी जीव समुद्री माशांच्या पिल्लांचे पहिले खाद्य म्हणून वापरता येईल हे दाखवले, आणि त्यानंतर तांबड्या समुद्री ब्रीमसारख्या माशांचे बीज जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. तळ्याचे हिरवे पाणी फस्त करणारी तीच भूक पुढे जगभरच्या सागरी मत्स्यबीज केंद्रांचा आधार झाली.

रोटिफराची उपयुक्तता त्याच्या आकारात आणि त्याच्या जननात आहे. त्याच्या लहान प्रकाराची लांबी सुमारे शंभर ते दोनशे मायक्रॉन आणि मोठ्या प्रकाराची त्याहून दीडपटीच्या आसपास असते. काचेच्या पेल्यात घेऊन बॅटरीच्या उजेडासमोर धरल्यास तो हलत्या पांढऱ्या धुळीसारखा दिसतो. तो सावकाश पोहतो, पाण्यात सर्वत्र पसरून राहतो, आणि नुकते पोहू लागलेले पिल्लूही त्याला पकडू शकते. पंचवीस अंश तापमानाला त्याचे आयुष्य जेमतेम तीन-चार दिवसांचे असले तरी जन्मल्यापासून अर्ध्या ते दीड दिवसात मादी प्रौढ होते आणि त्यानंतर साधारण दर चार तासांनी अंडे घालते. परिस्थिती अनुकूल असेपर्यंत हे सारे नराशिवाय चालते. माद्यांपासून माद्याच जन्मतात, यालाच अनिषेकजनन म्हणतात. क्षारता, तापमान किंवा अन्न यांत मोठा बदल झाला की काही माद्या वेगळी अंडी घालतात, त्यांतून आतडे नसलेले अल्पायुषी नर निपजतात, आणि नर-मादीच्या मिलनातून जाड कवचाची, दीर्घकाळ टिकणारी विश्रामी अंडी तयार होतात. निसर्गात ही अंडी पुढील सुकाळाची ठेव असते. घरगुती बादलीत मात्र नर दिसू लागणे ही काहीतरी बिघडल्याची सूचना समजावी.

थोडा हिशेब केला तर घरात हे काम किती आटोक्यातले आहे हे कळते. पिल्लांच्या चाळीस लिटरच्या टाकीत दर मिलिलिटरला दहा रोटिफर ठेवायचे म्हटले, तर एकूण चार लाख रोटिफर लागतात. वीस लिटरच्या बादलीत दर मिलिलिटरला शंभर या मध्यम घनतेने वीस लाख रोटिफर असतात, आणि रोज त्यांतील चौथा हिस्सा, म्हणजे पाच लाख, काढून घेतला तरी निरोगी बादली दुसऱ्या दिवशी ती तूट भरून काढते. काढणी म्हणजे बादलीतील पाच लिटर पाणी पन्नासेक मायक्रॉन छिद्रांच्या जाळीतून गाळणे, जाळीवर राहिलेले रोटिफर स्वच्छ खाऱ्या पाण्याने धुणे, गाळलेले मळके पाणी फेकून देणे आणि तितकेच ताजे पाणी व शैवल बादलीत घालणे. ही काढणी पिल्ले असोत वा नसोत, नियमित करावी लागते, कारण न काढलेली बादली स्वतःच्याच मलमूत्रातील अमोनियाने विषारी होते. अनुभवी पालक जादा रोटिफर प्रवाळांच्या टाकीत सोडतात. दुभत्या जनावराची धार जशी चुकवून चालत नाही, तसेच हे आहे.

येथे यीस्टविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पावासाठी वापरले जाणारे यीस्ट स्वस्त असते, रोटिफर ते खातात आणि त्यावर त्यांची संख्याही वाढते. म्हणून शैवलाचा व्याप टाळण्यासाठी अनेक जण त्यावरच विसंबतात. पण पिल्लाच्या दृष्टीने रोटिफर हा जेवणाचा डबा आहे, आणि डब्यात काय भरले आहे यावर त्या जेवणाचे मोल ठरते. समुद्री माशांच्या पिल्लांना डीएचए आणि ईपीए या दोन लांब साखळीच्या मेदाम्लांची नितांत गरज असते. मेंदू, डोळे आणि पेशींची आवरणे त्यांवर बांधली जातात, आणि बहुतेक समुद्री मासे ती स्वतःच्या शरीरात पुरेशी बनवू शकत नाहीत. यीस्टमध्ये ती नसतात. नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये ईपीए विपुल पण डीएचए जवळजवळ नाही, आणि आयसोक्रायसिसमध्ये डीएचए चांगले असते. म्हणूनच दोन्ही शैवले मिळून दिलेला आहार एकट्या शैवलापेक्षा सरस ठरतो. यीस्टवर पोसलेल्या रोटिफरांनी पिल्लांची पोटे भरलेली दिसतात, आणि तरीही रूपांतराच्या काळात, म्हणजे पिल्लू माशाचे रूप घेऊन पट्टे उमटण्याच्या सुमारास, ती एकामागून एक मरतात. पोट भरूनही झालेले हे कुपोषण पालकाला चकवते. ज्यांना शैवल वाढवणे शक्य नाही त्यांनी शीतकपाटात टिकणारी दाट शैवल-लुगदी विकत घेऊन वापरावी. त्यात कमीपणा काही नाही. भरलेला डबाही फार वेळ तसाच राहत नाही, कारण उपाशी ठेवलेला रोटिफर काही तासांतच आपला साठा वापरून टाकतो. यासाठीच पिल्लांच्या टाकीतील पाणीही शैवल घालून हलके हिरवे ठेवतात, जेणेकरून खाल्ला जाईपर्यंत रोटिफर भरलेला राहील.

आर्टेमिया, म्हणजे अतिखारट पाण्यातला एक छोटा कवचधारी जीव, हे जिवंत खाद्यातले सर्वपरिचित नाव. १९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे ॲल्विन सील यांनी आणि १९३९ मध्ये नॉर्वेतील गुन्नार रोलेफ्सेन यांनी आर्टेमियाची नवजात पिल्ले मत्स्यपिल्लांचे उत्कृष्ट खाद्य असल्याचे नोंदवले. समुद्राहून कितीतरी पट खारट पाण्यात, जेथे मासे जगू शकत नाहीत अशा सरोवरांत आणि मिठागरांत हा जीव राहतो. मासेच नसलेल्या जगात वाढल्यामुळे निसटण्याची कोणतीही युक्ती त्याच्यापाशी नाही. मुंबईतील वडाळ्याच्या मिठागरांतूनही त्याची नोंद १९५० च्या दशकात झाली आहे. पाणी आटू लागले की मादी धुळीच्या कणाएवढे कठीण कवचाचे कोष सोडते, आणि हे कोरडे कोष हवाबंद डब्यात वर्षानुवर्षे टिकून खाऱ्या पाण्यात पडताच दिवसभरात फुटतात. उलटी धरलेली बाटली, बुडातून जोरदार हवा, उजेड आणि पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमान एवढ्यावर काम भागते. हवा थांबवली की रिकामी कवचे वर येतात, न फुटलेले कोष खाली बसतात आणि नारिंगी पिल्ले उजेडाकडे गोळा होतात. ती नळीने ओढून घ्यावीत आणि कवचे कटाक्षाने मागे ठेवावीत, कारण गिळलेली कवचे लहान माशाच्या आतड्यात अडकू शकतात. या सोयीमुळे आर्टेमियाला अवाजवी महत्त्व मिळाले आहे. चारशे ते पाचशे मायक्रॉनांचे त्याचे पिल्लू पहिल्या काही दिवसांतील विदूषक माशाच्या पिल्लाच्या तोंडात मावत नाही, आणि त्याच्यात डीएचए फारच थोडे असते. शिवाय पहिली कात टाकेपर्यंत ते काही खात नाही, म्हणून त्याला पोषणयुक्त करायचे तर त्यानंतरच. परदेशी आर्टेमिया उरल्यास ती खाडीत किंवा मिठागरात सोडू नये, कारण अमेरिकी जात भारतातील मिठागरांत शिरून स्थानिक आर्टेमियाची जागा घेऊ लागल्याचे आढळले आहे.

कोपेपॉड ही या विद्येची वरची पायरी आहे. ग्रीक भाषेत ‘कोपे’ म्हणजे वल्हे. वल्ह्यांसारखे पाय मारत झटक्याझटक्याने पुढे जाणारे हे कवचधारी जीव समुद्रातील बहुतेक मत्स्यपिल्लांचे नैसर्गिक अन्न आहेत. त्यांच्या शरीरात डीएचए मुबलक आणि पचायला सुलभ अशा रूपात असते, आणि ती धावपळीची हालचाल पाहून रोटिफराकडे दुर्लक्ष करणारी पिल्लेही तोंड उघडतात. टिस्बे आणि टिग्रिओपस हे तळाशी, काचेवर आणि दगडांवर सरपटणारे प्रकार पाळायला सोपे. पॅरवोकॅलॅनस आणि अकार्शिया हे खुल्या पाण्यात तरंगणारे प्रकार कठीण, कारण त्यांना जिवंत शैवलच लागते, गर्दी सोसत नाही, आणि प्रौढ जीव संधी मिळताच स्वतःचीच पिल्ले खातात, म्हणून त्यांना जाळीने वेगळे काढावे लागते. या कष्टाचे फळ मोठे आहे. हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ मध्ये पिवळा टँग हा मासा अंड्यापासून बंदिस्त अवस्थेत वाढवता आला, आणि पुढच्याच वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत निळ्या टँगबाबतही यश आले. या दोन्ही माशांची पिल्ले इतकी बारीक तोंडाची असतात की कोपेपॉडांच्या सूक्ष्म पिल्लांवाचून त्यांची सुरुवातच होत नाही. अशा प्रत्येक यशाने प्रवाळखडकांवरून पकडून आणल्या जाणाऱ्या माशांची जागा घरात जन्मलेला मासा घेऊ शकतो, हे या छंदाच्या बाजूने सांगता येईल असे सर्वांत भक्कम कारण आहे. पैदाशीची इच्छा नसलेल्यालाही कोपेपॉड टाळता येत नाहीत: मँडरिन मासा दिवसभर दगडांवरून त्यांना टिपत फिरतो, आणि लहान टाकीतील कोपेपॉड संपले की समोर पडलेल्या गोळ्यांकडे न पाहता कित्येक आठवडे हळूहळू खंगत मरतो. त्याच्यासाठी कोपेपॉडांची बरणी सतत भरलेली नसेल, तर तो मासा घरी आणणे हाच अन्याय आहे.

या विषयावरील बहुतेक सूचना थंड हवेच्या देशांत लिहिल्या गेल्या आहेत, आणि त्या तशाच उचलल्या तर कोकणपट्टीत फसगत होते. त्या सूचना भांडे उबदार कसे ठेवावे हे सांगतात. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या मे महिन्यात प्रश्न नेमका उलटा असतो. खोलीचे तापमान तिशीच्या पुढे गेले की नॅनोक्लोरॉप्सिस थकते, पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अमोनियाचा विषारी अंश वाढतो. अशा काळात बाटल्या पाण्याने भरलेल्या पसरट परातीत उभ्या कराव्यात, दिवे रात्री लावावेत, रोटिफरांची घनता मुद्दाम कमी राखावी, आणि आयसोक्रायसिसचा उष्णता सोसणारा ताहितीचा वाण निवडावा. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी नद्यांच्या पुराने गोडसर आणि गढूळ होते. त्याची क्षारता समुद्राच्या नेहमीच्या दर हजारी पस्तीस भागांहून बरीच खाली येते. म्हणून किनाऱ्यावरून पाणी आणणाऱ्याने ते हिवाळ्यात, भरतीच्या वेळी आणि खाडीच्या मुखापासून दूर भरून, क्लोरीनने निर्जंतुक करून साठवावे, किंवा सरळ कृत्रिम समुद्री मीठ वापरावे. वीज गेली तर शैवल काही तास सहज सोसते, दाट रोटिफरांची बादली मात्र सोसत नाही. बॅटरीवर चालणारा एक छोटा हवापंप घरात असणे ही चैन नव्हे.

तरीही संवर्धन कधीतरी कोसळतेच. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेली बादली एका सकाळी दुधाळ आणि दुर्गंधीयुक्त झालेली आढळते, आणि कारण सापडतेच असे नाही. त्यासाठी राखीव बीजाची व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी: शैवलाची एक छोटी बाटली शीतकपाटात मंद उजेडात, रोटिफरांची एक बरणी दुसऱ्या खोलीत वेगळ्या नळीवर, आणि तिन्ही संवर्धनांचा एकेक वाटा गावातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी घरी, जेथील पाणी, वीज आणि हात वेगळे आहेत. विरजण संपले की वाटी घेऊन शेजारी जाण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या शेवटच्या सूचनेतील तर्क ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की येथे शेजाऱ्याने झाकण लावलेल्या बाटलीत दिलेले हिरवे पाणी दुपारच्या उन्हात न ठेवता, त्याच संध्याकाळी ताज्या पाण्यात मिसळून हवेवर लावायचे असते.